वरच्या कडीपाशी

“भाऊ, हे बघा. इथे, वरच्या कडीपाशी.” ड्रायव्हरने काठी खिडकीच्या उजेडात धरली. “अंगावर घामोळं उठावं तसं दिसतंय. मासे हसतील मला.”

शाळेची बस चालवणारा हा माणूस आमचं जुनं गिऱ्हाईक. मासे पकडायच्या काठ्या बनवायचं आमचं काम. गळाची दोरी ओवायच्या कड्या काठीवर दोऱ्याने बांधायच्या आणि दोऱ्यावर एपॉक्सीचा हात द्यायचा. ते सुकलं की काचेसारखं कवच धरतं. त्याच्या काठीवरच्या कवचात बारीक बुडबुडे अडकले होते.

“वहिनींना बोलवा. त्यांच्या नजरेतून हे सुटलं कसं? तुमच्या हातचं असतं तर समजून घेतलं असतं.” तो हसला.

“ती गेली. उन्हाळ्यात.”

हातातली काठी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. मी ती घेतली आणि तिचं स्टूल पुढे केलं.

“कुणी बोललंच नाही हो मला. काय झालं होतं?”

“हृदय.”

एपॉक्सी ढवळताना त्यात हवा शिरतेच. बाकीचे लोक ओल्या थरावरचे बुडबुडे दिव्याच्या आचेने फोडतात. आचेने दोऱ्याचा रंग मरतो, असं तिचं म्हणणं. एपॉक्सी ओघळू नये म्हणून काठी विजेच्या छोट्या मोटारीवर सावकाश फिरत असायची, आणि ती बारीक नळी तोंडात धरून फुंकत बसायची. पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकावं तशी.

तिच्या शेवटच्या हंगामात मी दाट एपॉक्सी आणलं. लवकर सुकतं, एका हातात काम होतं.

“पातळच आणा ना,” ती म्हणाली होती. “दोन हात देऊ. दाटातले बुडबुडे लवकर फुटत नाहीत. फुंकून फुंकून दम निघतो.”

“बसल्या जागी फुंकायचं. त्यात कसला आलाय दम?”

ही काठी मोटारीवरून उतरवली तेव्हाच बुडबुडे मला दिसले होते. “लक्ष कुठे असतं तुझं?” मी म्हणालो. “चष्मा बदलायला झालाय,” ती म्हणाली. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, धाप कधीपासून लागत होती? “नव्हती लागत,” मी सांगून टाकलं. ती कॉटवरून माझ्याकडे बघत होती.

“राहू द्या, भाऊ,” ड्रायव्हर म्हणाला. “मासा काय कड्या तपासून गळाला लागतो? होतं माणसाच्या हातून कमीजास्त.”

“तिच्या हातून नाही झालं.” माझा आवाज चढला. “एपॉक्सी चुकीचं होतं. ते मी आणलं. ती नको म्हणत होती.”

“बरं, बरं. मी कुठे काय म्हणतोय?”

“म्हणालात. नजरेतून सुटलं म्हणालात. काही सुटलं नव्हतं तिच्या नजरेतून.”

मी भिंतीवरची माझी काठी काढून त्याच्या हातात दिली. लग्नानंतर तिने माझ्यासाठी बनवलेली. पातळ एपॉक्सीचे दोन हात. शोधूनही बुडबुडा सापडणार नाही.

“ही न्या. तिचं काम असं होतं.”

“अहो, ही तुमची आहे.”

“न्या म्हणतो ना.”

त्याने काठी दोन्ही हातांत धरली. दारापाशी वळून म्हणाला, “आणि ती काठी? दोरा कापून नवीन बांधाल ना?”

“बघतो.”

तो गेल्यावर मी पातं घेतलं. दोऱ्याच्या कडेला टेकवलं आणि परत ठेवून दिलं.

काठी मोटारीवर चढवली. त्यावरचं एपॉक्सी केव्हाच सुकलेलं, आता ओघळण्यासारखं काही नव्हतं. तरी बटण दाबलं. बुडबुडे उजेडात यायचे, पलीकडे जायचे, परत यायचे. मी तिच्या स्टुलावर बसून काठीवर लक्ष ठेवलं.