उंबऱ्यागणिक पट्टी

माझ्या डोक्यात अजून आग हाय, म्हणून आधीच सांगते, मधी कुणी बोलायचं न्हाई.

आमचं गाव देगलूरपासून थोडं आत. गावच्या नळाची मोटर जळली. पंचायतीत पैसा न्हाई म्हणं. मग ग्रामसभेत सरपंच दयानंदनं ठराव वाचला, नव्या मोटरीसाठी उंबरापट्टी. दर उंबऱ्याला सारखी रक्कम, अन् सोमवारपर्यंत जो देणार न्हाई त्याचा नळ तोडायचा. आमच्याकडं जत्रेची वर्गणी आजा-पणज्यापासून अशीच गोळा होते. दारं मोजत जायचं, दाराला एक पट्टी. कुणी कधी काही विचारलं न्हाई.

म्या विचारलं. कारण आमच्या घराला तीन दारं हायत.

सासऱ्याच्या तीन पत्र्याच्या खोल्या. तिघं भाऊ, तिघी जावा. भांडणं झाली, चुली वेगळ्या झाल्या, मधी भिंती घातल्या अन् खोलीखोलीला दार फोडलं. माझ्या दाराचा उंबरा बाभळीचा. सोयाबीन काढणीच्या मजुरीतून म्या सुताराकडून करून घेतलेला. रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावते. माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. थोरली जाऊ सरजाबाई त्या भिंतीपायी माझ्याशी बोलत न्हाई, दोन दिवाळ्या झाल्या.

अन् दुसरीकडं हणमंतराव, सरपंचाचे सख्खे चुलते. माडीचा बंगला, तीन पोरं, तीन सुना. झाडांना पाणी, म्हशींना पाणी, गाड्या धुवायला पाणी. पण दार एक! पितळी पट्टी ठोकलेला सागवानी उंबरा एक! म्हणजे त्यांनी एकदा द्यायचं अन् रोजानं जाणाऱ्या आमी तीनदा.

भर सभेत म्हणलं, "सरपंच, ज्याच्याकडं जास्त त्यानं जास्त द्यावं. हा उलटा इन्साफ कुठला?"

हणमंतराव हसले. "नागाबाई, आमची चूल एक हाय. तुमी भांडून वेगळे झाले, त्याचा दंड आमी कामून भरावा?"

अस्सा संताप आला! "मालक, चूल एक ठेवायला जागा लागते. तुमच्या सुना रुसल्या तर माडीवर जाऊन बसतात. आमी रुसून कुठं जावं, पत्र्यावर?"

"जास्त बोलू नको. आमी उद्या लातूरला निघून गेलो तर कुणाच्या शेतात जाशील कामाला?"

"जा की खुशाल! शेत काय पिशवीत घालून नेणार का?"

सभा हसली अन् मालक लालबुंद झाले. "ही बाई गावात गरीब-श्रीमंत लावून राहिली. गुण्यागोविंदानं नांदणारं गाव फोडून राहिली!" तशी माणसं माना हलवायला लागली. रोजानं जाणारीसुद्धा! त्यांचा राग मला हणमंतरावापेक्षा जास्त आला. गाव फोडलं ते म्या म्हणं. तीनदा पट्टी मागणाऱ्यानं न्हाई. ठराव पास झाला अन् सगळे चहा प्यायला गेले.

घरी माझा नवरा भुजंग म्हणला, "भरून टाक. उद्या त्यांच्याच शेतात जायचं हाय." त्याला म्हणलं, तू गप बस.

रविवारी सकाळी हळदकुंकू लावायला वाकले, उंबऱ्यावर हात ठेवला अन् तशीच बसून राहिले. मग उठले, थेट सरजाबाईच्या दारात. ती ज्वारी निवडत होती, तिनं मान वर केली न्हाई.

"अक्का, पहार हाय का?"

"कामून?"

"उंबरा काढते."

आता तिनं माझ्याकडं बघितलं. उंबरा काढणं म्हणजे आमच्यात घर मोडणं. "येड लागलं का तुला?"

"पट्टी उंबऱ्याची हाय न्हवं? तू थोरली, तुझं दार राहू दे. माझं अन् अंबिकाचं बुजवू. मधल्या भिंती पाडू."

धाकटी अंबिका आवाज ऐकून बाहेर आली होती. ती लगेच तयार. सरजाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"भिंत पाडली तर रोज तुझं तोंड बघावं लागंल."

"हाव. अन् मला तुझं."

ती उठली अन् आतून पहार घेऊन आली.

माझा उंबरा सुटेना. चांगला घट्ट बसवून घेतला होता म्या. सुटला तेव्हा मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली, ढसाढसा रडले. सरजाबाईनं पाठीवर हात ठेवला. "रड बाई, पण पहार सोड. पायावर पडंल."

सांजेपर्यंत अंबिकाचाही उंबरा निघाला, दोन्ही दारं बुजली अन् मधल्या भिंती पडल्या. सोमवारी दोन्ही उंबरे डोक्यावर घेऊन आमी तिघी पंचायतीत गेलो. पंचायतीच्या दारात आडवे टाकले, हळदकुंकवासकट. आत चुलता-पुतण्या बसले होते. एका पट्टीचे पैसे टेबलावर ठेवले अन् म्हणलं, "आमचा आता एकच उंबरा हाय. बाकीचे दारात टाकलेत, बघून घ्या."

दयानंद उठून उभा राहिला. "असं कुठं असतं? उंबरे काढले तरी संसार तीनच की! आता आतली माणसं मोजावी लागतील."

"मोजा!" म्या इतक्या जोरात ओरडले की बाहेरची माणसं दारात आली. "माणसं मोजा, खोल्या मोजा, नळ मोजा! पण सुरुवात बंगल्यापासून करा."

मग मागून कुणीतरी म्हणलं, "हाव, मोजा." दुसराही म्हणला. सभेत माना हलवणारेच ते.

हणमंतराव घसा खाकरत उठले. "कशाला तमाशा? दयानंद, पट्टी रद्द कर. मोटर मी देतो. फुकट. फक्त माझ्या वडलांच्या नावाची पाटी लावा."

अन् लोकांचे हात टाळ्या वाजवायला वर आले बगा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात मोजायला माणूस शिरू नये म्हणून हा आख्खी मोटर द्यायला तयार, अन् आमी त्याच्या बापाच्या पाटीखाली घागर लावायची?

"खबरदार टाळी वाजवाल तर! दान नको आमाला. त्यांच्या वाट्याचं त्यांनी द्यावं, आमच्या वाट्याचं आमी दिलंय."

"अपशकुन हाय तो, उचला आधी," मालक उंबऱ्याकडं बोट करून म्हणले. त्यांना बाहेर पडायचं होतं.

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. सरजाबाईनं पदर खोचला अन् माझ्या उंबऱ्यावर बसली, दाराच्या बरोबर मधी. मला हाताला धरून तिनं शेजारी ओढलं. अंबिका तिच्या पलीकडं बसली.

"मोजून या," सरजाबाई बाहेरच्या माणसांना म्हणली. "तवर हितनं कुणी उठत न्हाई."