विहिणीच्या गाण्यातली ओळ

पुणतांब्यात मुलीचं लग्न ठरलं की घरची माणसं मंगल कार्यालय बघायची, आचारी बघायची आणि गोजरबाई त्या दिवशी मोकळी आहे का, ते विचारायची. गोजरबाई पासष्टीची. दात दोन-चार पडलेले, पण गळा अजून नव्या घागरीसारखा. विहिणीची गाणी गावीत तर तिनंच, असं नदीच्या दोन्ही काठांवरच्या बायका म्हणायच्या.

ही गाणी म्हणजे गोड भांडणच. विहिणींची पंगत बसली की मुलीकडच्या बायकांनी वरमाईला गाण्यातून चिमटे काढायचे. वरमाईकडच्यांनी तसंच गाण्यातून उत्तर द्यायचं. ज्यांचं गाणं अर्ध्यावर अडलं, ते हरले. रागवायचं कुणी नाही. हल्ली लग्नात डीजे असतो, तोही तेवढा अर्धा तास बंद ठेवतात आणि पोरी मोबाईल वर धरून उभ्या राहतात.

गोजरबाईपाशी अशा ओळी शे-दीडशे असतील. पण एक ओळ आली की मांडव हमखास हसायचा. सासूनं दिलेली ती ओळ तिनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं गायली होती.

*इहीन आली मांडवात, केस पिंजारून,*
*जशी कैकाडीण आली टोपल्या इकून.*

यंदा माघात शेजारच्या मुलीचं लग्न झालं. गोजरबाईच्या गळ्याला त्या दिवशी धार होती. ही ओळ आली, मांडव हसला, वरमाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. हसणाऱ्या तोंडांवरून नजर फिरवत गोजरबाई पुढची ओळ शोधत होती, तेवढ्यात तिला पंगतीच्या टोकाला केशरबाई दिसली.

केशरबाई कैकाडी. निरगुडीच्या आणि तरवडाच्या फोकांपासून दुरड्या, टोपल्या, कणग्या विणायच्या, हा तिचा पिढीजात धंदा. गोजरबाई लग्न होऊन या गावात आली, त्याच वर्षी ही तिच्या सासरच्या अंगणात धान्याची कणगी विणायला बसली होती. दोघी एका वयाच्या. कणगी दोन दिवसांत व्हायची, ती त्यांनी चार दिवस लावली, अशी त्यांची ओळख. कणग्या गेल्या, घरोघर पत्र्याच्या कोठ्या आल्या, तरी केशरबाईचं येणं राहिलं. लग्नाच्या दुरड्या अजून तिच्याच हातच्या लागत. त्या पोचवून ती निघायची. यंदा मुलीच्या आईनं हाताला धरून पंगतीत बसवलं होतं.

केशरबाई हसत होती. सगळ्यांसारखीच. फक्त एक हात डोक्याकडे गेला होता आणि चापूनचोपून बसवलेले केस पुन्हा चापत होता.

गोजरबाईचं पुढचं गाणं कसं झालं, तिला आठवलं नाही. लोक म्हणाले, छान झालं.

आठवडाभरानं बाजारात ती केशरबाईच्या टोपल्यांपाशी गेली. एरवी केशरबाई पोत्यावर जागा करून द्यायची, तंबाखूची डबी पुढे सरकवायची. त्या दिवशी तिनं सूप दाखवलं, हातात दिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. भांडण असतं तर गोजरबाईला बरं वाटलं असतं.

घरी येऊन तिनं हे लेकाला सांगितलं. मच्छिंद्र शेतावरून आलेला, पाय धूत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाणं हे गाणं असतं. आपण कुठं केशरमावशीला बोललो? शब्द आहे तो, सगळेच म्हणतात. आणि मावशीला लागलं असतं तर ती हसली कशाला असती?

नात ज्ञानेश्वरी ओट्यावर मेंदीची नक्षी मोबाईलवर बघत होती. तिचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. ती म्हणाली, कॉलेजात कुणाचे केस विस्कटले, की आम्ही पोरी हाच शब्द म्हणतो. मीपण म्हणते. जरा थांबून म्हणाली, "म्हणताना केशरआजी कधी डोळ्यांपुढं आली नाही, आजी."

"माज्याबी न्हाई आली," गोजरबाई म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी ती नातीच्या लग्नाचं आवतण द्यायला गेली. स्टेशनच्या रस्त्याला केशरबाईचं दोन खोल्यांचं पक्कं घर होतं. दारात ओले फोक पसरलेले, मधे केशरबाई. पायाच्या अंगठ्यात टोपलीचं बूड धरून हात चालू होते. गोजरबाईनं हळद-कुंकू लावलं, पत्रिका दिली, पाच दुरड्या सांगितल्या. केशरबाईनं पत्रिका डोक्याला लावली आणि म्हणाली, "दुरड्या वेळंवर देईन. येनं काय व्हायचं न्हाई गोजे, गुडघं धरल्यात."

"गुडघं काल बाजारात बरं हुतं."

केशरबाईनं फोक वाकवला. तो मोडला. तिनं दुसरा घेतला.

"गान्याचं लागलं तुला," गोजरबाई म्हणाली. "म्या तुला म्हनलं का केशर? म्या इहिनीला म्हनलं."

"व्हय. इहिनीला म्हनलं. इहीन उलटी गायली की. तिचा हक हाय तो." केशरबाईचा आवाज शांत होता, विणीसारखाच एका लयीत. "माजा नंबर कवा येतो त्यात, ते सांग मला. तू शिवी दिली असतीस तर म्या दोन दिल्या असत्या, फिटलं असतं. गान्यात आलं की हसावं लागतं. न्हाई हसलं तर म्हनत्यात, बघा, कैकाडीण भांडाया उठली."

गोजरबाईनं मोडलेला फोक उचलून बाजूला ठेवला.

मग केशरबाई विणता विणता सांगत गेली. ही ओळ तिनं आजवर किती मांडवांबाहेर उभं राहून ऐकली होती, ते सांगितलं. दुरड्या देऊन चप्पल पायात घालताना मागून ही ओळ यायची आणि मांडव हसायचा. तिची नात दिशा शिर्डीच्या एका हॉटेलात काउंटरवर असते. परवा सोबतची मुलगी तिला म्हणाली, आज काय कैकाडी दिसतेस ग, केस तरी विंचर. त्या पोरीच्या मनात काही नव्हतं. डबा वाटून खातात दोघी. दिशा हसली. घरी आल्यावर म्हणाली, आपण कोण ते तिथं सांगितलेलंच नाही, आता तर सांगायचंच नाही.

"लेकरू हुशार हाय माजं," केशरबाई म्हणाली, "आन् आपलं नाव लपवून बसलंय."

तिनं टोपलीचा काठ वळवायला घेतला.

"मला वाटायचं, म्या भाईर हाय म्हनून लागतंय," ती शेवटी म्हणाली. "औंदा आत बसून बघितलं, गोजे. आतबी तेच हाय."

परत येताना गोजरबाईला पायाखालची वाट कळली नाही. आपली सर्वांत लाडकी ओळ आपण ज्या खुंटीला टांगली, ती खुंटी जिवंत होती.

नवी ओळ बांधायला तिला तीन आठवडे लागले. भाकरी थापताना, गवारीच्या शेंगा मोडताना ती पुटपुटायची. अर्धी ओळ तीच ठेवायची होती, पुढं कुणाला दुखवायचं नव्हतं आणि हसूही यायला हवं होतं. माणूस सोडून काहीतरी हवं होतं. माळावर फुफाटा उडाला, तेव्हा ओळ मिळाली.

*इहीन आली मांडवात, केस पिंजारून,*
*जशी वावटळ सुटली वावरातून.*

ज्ञानेश्वरीला म्हणून दाखवली. ती म्हणाली, चांगली आहे, पण तेवढी जोरात नाही. गोजरबाईलाही तसंच वाटत होतं.

लग्नाच्या सकाळी पाच दुरड्या आल्या. काठाला रंगीत फोक विणलेले, नेहमीपेक्षा नाजूक. केशरबाईचा जावई टेम्पोतून देऊन गेला. ती आली नाही.

वऱ्हाड वैजापूरकडचं होतं आणि गाण्यात पक्कं होतं. पंगत बसली, डीजे थांबला, मोबाईल वर गेले. पहिल्या चार ओळींत गोजरबाईनं वरमाईची नथ, तिची पैठणी, तिची चाल, सगळं घेतलं. तिकडूनही तसंच चोख उत्तर आलं. मग मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. आजी, ती म्हणा. ती.

गोजरबाईनं सूर धरला. "इहीन आली मांडवात, केस पिंजारून..."

आणि ती वावटळीवर वळायच्या आत तिच्या मागच्या वीस बायकांनी जुनी ओळ एका दमात म्हणून टाकली. कुणाला वेगळं काही माहीतच नव्हतं. ओळ तिची, पण तोंडं आता सगळ्यांची होती. मांडव नेहमीसारखा हसला.

गोजरबाईनं हात वर केला. हसू विझेपर्यंत हात तसाच ठेवला.

"ती ओळ आमच्या बाजूनं म्हनायची न्हाई," ती म्हणाली. "म्याच शिकवली तुमाला, म्याच मागं घेती."

का, असं कुणीतरी विचारलं. भरल्या मांडवात लेकाचे नवे सोयरे ऐकत होते. मच्छिंद्र लांबून डोळ्यांनी म्हणत होता, आई, आता नको.

"त्या ओळीत माजी केशर बसलीया," ती म्हणाली. "तिला तिथून उठवायचीय."

कुणाला कळलं, कुणाला नाही. पण गाणं अडलं, ते मात्र सगळ्यांना कळलं. पलीकडची एक तरणी विहीण संधी बघून उठली.

*नाव मोठं गोजरबाईचं, गाणं राहिलं अर्ध्यावर,*
*ताक अजून घुसळायचं, लोणी म्हने शिंक्यावर!*

मांडव हसून कोसळला. ओळ चांगली होती. गोजरबाईनं मान डोलावली. पुढची ओळ तिच्या गळ्यात होती, पण मागच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, कुणी सूर धरला नाही, आणि एकटीनं गायची ही गाणी नव्हेत. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मुलीची बाजू हरली, तीही तिच्या स्वतःच्या नातीच्या लग्नात. ज्ञानेश्वरी निघताना आजीच्या गळ्यात पडून रडली. ते सासरी जाण्याचं रडणं होतं, की त्यातलं थोडं आजीसाठी होतं, ते गोजरबाईनं विचारलं नाही.

दोन दिवसांनी ती बुंदीचा डबा घेऊन केशरबाईकडे गेली. दारातच बसली. केशरबाईनं डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, लग्न कसं झालं ते विचारलं.

"हरलो आमी," गोजरबाई म्हणाली.

"तू? कशानं?"

गोजरबाईनं झालं ते सगळं सांगितलं. वावटळीची ओळही म्हणून दाखवली. केशरबाईनं ती ऐकली, हातातला फोक तसाच.

"बरी हाय. जरा फिकी पडते."

"पडते खरी," गोजरबाई म्हणाली.

"आन् तू गप केलंस ते एका मांडवात. बाकीच्या मांडवांत गातीलच की."

"गातील."

"मोबाईलातबी हाय म्हनं ती. तुज्याच गळ्यात."

"हाय," गोजरबाई म्हणाली. "ती माज्यानं निघायची न्हाई."

केशरबाईनं बुंदीचे चार दाणे तोंडात टाकले. चावले. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला, तसं तिनं डब्याचं झाकण लावलं.

"वैशाखात दिशाचं लगीन हाय," केशरबाई म्हणाली. "हॉटेलातल्या पोरी येनार हैत तिच्या. आपलं कैकाड्याचं नाव घालून पत्रिका छापली तिनं, कालच वाटून आली. रातभर झोपली न्हाई म्हनं, पन वाटली."

"मग गायला येऊ का म्या?"

"गायला न्हाई. आमच्या बायका गात्यात, आमच्या बोलीत. तू आयकायला ये."

"मला काय कळनार त्यातलं?"

"तुमच्या कुनबिणींवरबी हैत दोन-तीन ओळी," केशरबाई म्हणाली आणि नवा फोक उचलला. "त्या म्या सांगीन तुला, कंच्या ते."

गोजरबाईनं पाय पसरले, जरा विचार केला आणि विचारलं, "बसायचं कुठं म्या?"

"पुढं. बायकांत."