चूक कळवा

यशवंतराव जगदाळ्यांचा संगणक त्या मंगळवारी सकाळी नेहमीसारखा सुरू झाला, आणि बघतात तो वरची पट्टी गायब.

पट्टी म्हणजे शब्दांची पट्टी. फाइल, संपादन, दृश्य, मदत असे शब्द पडद्याच्या वरच्या कडेला ओळीनं बसलेले असायचे. आता तिथे राखाडी मैदान होतं आणि उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. यशवंतरावांनी चष्मा पुसला, मग पडदा पुसला. मग देवासच्या त्या घरात जे कुणी ऐकणारं होतं त्या सगळ्यांना, म्हणजे एकट्या माधवीबाईंना, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घर झाडायला सांगितलं, तर भिंतीच काढून नेल्या यांनी!"

"अब काय झालं?" माधवीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कोणत्या ओरडण्याला उठून जायचं आणि कोणत्याला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या उठल्या नाहीत.

झालं होतं ते असं. यशवंतरावांच्या संगणकावर ‘व्हरांडा’ नावाचा डेस्कटॉप होता. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला, फुकट मिळणारा. असली वस्तू कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून सगळ्यांची असते, आणि सगळ्यांची असते म्हणून शेवटी जे चार जण तिच्याशी रोज बसतात त्यांचीच होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर यशवंतरावांनी या व्हरांड्यातली एकोणीसशे वाक्यं मराठीत आणली होती. पगार नाही, मानधन नाही. ‘मदत’ उघडून ‘विषयी’वर टिचकी मारली की अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ यायची: मराठी भाषांतर, य. मा. जगदाळे, देवास. ही ओळ आपल्याला आवडते असं ते कधी म्हणाले नाहीत, पण आठवड्यातून एकदा उघडून बघत.

आता व्हरांड्याची सातवी आवृत्ती आली होती. ‘कमी गर्दी, जास्त मोकळीक’ असं तिच्या जाहिरातीत म्हटलं होतं. गर्दी म्हणजे शब्द, हे जाहिरातीत म्हटलं नव्हतं. शब्दांच्या जागी चित्रं आली होती: दातेरी चाक, घंटा, दार आणि बाण. यशवंतरावांनी दुपारभर बसून मोजलं. त्यांची साडेबाराशे वाक्यं आता कुठंच दिसत नव्हती. विषयीची खिडकी गेली, तिच्यातली ओळही गेली.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. सरकारी नोकरीत माणूस याहून मोठ्या गोष्टी गिळायला शिकतो. पण ‘मदत’च्या यादीत सगळ्यात खाली आणखी एक शब्दजोडी होती, ‘चूक कळवा’. ती दाबली की एक कोरी चौकट उघडायची, तिच्यात लिहिलेलं थेट यशवंतरावांकडे यायचं आणि त्यांचं उत्तरही तिच्यातच उमटायचं. तीही गेली होती, आणि ती गेल्यावर त्यांना घास गिळवेना.

कारण त्या चौकटीतून त्यांची बहीण त्यांच्याशी बोलत असे.

जानकीबाई धारला राहत. यशवंतरावांहून सात वर्षांनी मोठ्या, धारच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेल्या, भावाला लहानपणापासून ‘बापू’ म्हणणाऱ्या आणि त्याच्या ‘जिजी’. आईसाहेबांची शेवटची चार वर्षं त्यांच्याकडे गेली. त्या चार वर्षांत यशवंतराव धारला किती वेळा गेले, हे एका हाताच्या बोटांवर मोजून वर अंगठा शिल्लक राहिला असता. आईसाहेब गेल्या आणि तेराव्याला यशवंतराव लाल कापड घेऊन उभे राहिले, देव्हाऱ्यातले टाक न्यायला. वंशातला एकुलता मुलगा, देव त्याच्याकडेच जायचे. रीतीत काही चूक नव्हती. जेवणाच्या पंगती उठत होत्या. तेव्हा जानकीबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आईसाहेबांना भेटायला आपल्याला चार वर्षांत सवड झाली नाही. देवांना न्यायला मात्र बरोबर आलात."

यातलं सवडीचं बोलणं यशवंतरावांनी सोसलं असतं. ते खरंच होतं. पण ‘आपल्याला’! मोठ्या बहिणीनं धाकट्या भावाला ‘आपण’ म्हणणं हे आमच्या घरांतून थोबाडीत मारण्याच्या एक पायरी वरचं समजतात. यशवंतराव देव घेऊन निघून आले. त्याला नऊ वर्षं झाली. ज्या माणसानं पस्तीस वर्षं अख्ख्या माळव्याचे फोन जोडून दिले, त्यानं बहिणीला एक फोन केला नाही, आणि तिनंही नाही.

मग सहा वर्षांपूर्वी एक दिवस त्या चौकटीतून मजकूर आला. जानकीबाईंच्या नातीनं, शिखानं, स्वतःचा जुना लॅपटॉप आजीला दिला होता. त्यात व्हरांडा घातला होता आणि आजीसाठी भाषा मराठी केली होती. शिखा हिंदी शाळेतली. तिला स्वतःला तो मराठी पडदा धड वाचता येत नसे. मजकूर असा होता: "भाषांतरकार महोदय, संगणक ‘निलंबित करा’ असे आपण लिहिले आहे. निलंबित कारकुनाला करतात. यंत्राला झोपवतात. कळावे. जानकी, धार."

यशवंतरावांनी तो मजकूर खालच्या सहीसकट पुन्हा वाचला. मग ‘निलंबित’ काढून ‘झोपवा’ केलं आणि उत्तर लिहिलं, "आपली सूचना योग्य आहे. बदल केला." खाली सही केली, य. मा. जगदाळे. दोघांनाही ठाऊक होतं पलीकडे कोण आहे. दोघांनीही तसं एकदाही दाखवलं नाही.

त्यानंतर महिन्यातून तीन-चार सूचना येत राहिल्या. ‘बाहेर पडा’वरून तर महिनाभर झुंज चालली. जानकीबाईंचं म्हणणं, घरातल्या माणसाला कुणी ‘बाहेर पडा’ म्हणतं का? मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो, तेच लिहा. यशवंतरावांचं म्हणणं, बटणावर आज्ञा असते, निरोप नसतो. शेवटी त्यांनी हार मानली, आणि व्हरांड्यात काम संपवताना मराठी माणूस ‘येतो’ दाबू लागला. हा मराठी माणूस म्हणजे कोण, याचा यशवंतरावांनी विचार केला नव्हता. वाईट बातमी नातेवाइकांकडून कळतेच. जिजी बरी आहे, चष्मा बदलला नाही, तिची कुरकुर शाबूत आहे, ही बातमी मात्र त्यांना त्या चुकांतूनच मिळायची.

आणि आता ते बटण नव्हतं.

सहा आठवडे काही आलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघावं तसा यशवंतरावांनी सगळा राग व्हरांड्याच्या चर्चापानावर काढला. तिथे जुने वापरणारे आधीच तुटून पडले होते. कुणाचा पट्टीवरून जीव जात होता, कुणाचा रेघांवरून. यशवंतरावांनी इंग्रजीत, खात्यातल्या वळणाच्या, नऊ कलमांच्या तक्रारी लिहिल्या. मागणी एकच: ‘चूक कळवा’ परत द्या. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही आलं, तिसऱ्याला कुणीतरी हसरा चेहरा लावला.

"अहो, नाचता येईना अंगण वाकडं," माधवीबाई म्हणाल्या. "जिजींना फोन लावा ना सीधा. कशाला त्या गोऱ्या लोकांचं डोकं खाताय?"

"फोनचा काय संबंध? प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचा आहे तर मग जेवून घ्या आधी."

चौथ्या पत्राला लुकास नावाच्या माणसानं उत्तर दिलं. तो नव्या रूपाचं काम बघत असे. भाषा फार सभ्य होती. त्यानं लिहिलं होतं की निर्णय आकडे बघून घेतला आहे. मराठीतून सहा वर्षांत दोनशे अठरा सूचना आल्या, त्या दोनशे अठराही एकाच व्यक्तीच्या आहेत. इतर कुणी मराठीतून कधी काही कळवलेलं नाही, बहुधा इतर कुणी मराठीत वापरतच नाही. एका व्यक्तीसाठी सगळ्यांचा मेन्यू ठेवता येत नाही, हे आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

यशवंतरावांनी ते दोनदा वाचलं. एकोणीसशे वाक्यं त्यांनी महाराष्ट्रासाठी लिहिली, मराठीसाठी लिहिली, असं ते समजत होते. तसं गावातल्या मराठी समाजाच्या स्नेहसंमेलनात एकदा भाषणही ठोकलं होतं. आता आकड्यांनी सांगितलं की ती सगळी धारच्या एका बाईनं वाचली. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की, बरं झालं, निदान तिनं तरी सगळी वाचली. आणि मग एकदम लक्षात आलं की जिजी शहात्तर वर्षांची होती आणि दोनशे एकोणिसावी सूचना येण्याचा मार्ग कुणीतरी परदेशात बसून बुजवला होता.

गुरुवारी ते धारला निघाले. जुनी, सहावी आवृत्ती एका पेनड्राइव्हवर घेतली होती. बहिणीकडे चाललो असं ते म्हणाले नाहीत, लॅपटॉप दुरुस्त करायला चाललो असं म्हणाले. माधवीबाईंनी हसू दाबून डब्यात दशम्या भरल्या. इंदूरला बस बदलली. पुढल्या बसमध्ये शेजारचा माणूस म्हणाला, "भिया, खिसक जाओ थोडा," आणि धार येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर झोपला. यशवंतरावांनी वाटेत पहिलं वाक्य ठरवलं, मोडलं, पुन्हा ठरवलं. भाषांतर करताना तरी समोर मूळ वाक्य असतं.

दार जानकीबाईंनीच उघडलं. वाळल्या होत्या, पण ताठ होत्या. त्यांनी भावाकडे बघितलं, त्याच्या पिशवीकडे बघितलं.

"यावं," त्या म्हणाल्या.

"नवीन आवृत्तीनं अडचण होत असेल," यशवंतराव म्हणाले. "जुनी टाकून द्यायला आलो."

"बसावं. पाणी आणते."

लॅपटॉप खिडकीशी टेबलावर होता. पडद्यावर तेच राखाडी मैदान. यशवंतराव पेनड्राइव्ह लावायला वाकले, तेवढ्यात जानकीबाईंनी पाण्याचा पेला ठेवला आणि पेनड्राइव्हवर हात आडवा धरला. "आधी हे बघावं," म्हणून त्यांनी एक दोनशे पानी वही पुढे सरकवली. पहिल्या पानावर शाळेतल्या वळणदार अक्षरात मथळा होता: आवृत्ती सात, चुका. खाली अंक घालून नोंदी होत्या, तारखेसकट. सहा आठवड्यांच्या.

यशवंतराव उभ्याउभ्याच वाचू लागले. क्रमांक सात: ‘अधिक’ या नावाखाली पूर्वीपेक्षा कमी आहे. क्रमांक बारा: दार आणि बाण. माणूस आत येतो की बाहेर जातो, हे चित्रावरून कळत नाही. क्रमांक एकोणीस: ‘अरेरे! काहीतरी बिघडले.’ यंत्राने अरेरे म्हणू नये. ते माणसाने म्हणायचे असते.

"हे एकोणीस माझं नाही," यशवंतराव उसळून म्हणाले. "सातव्या आवृत्तीतली नवी वाक्यं त्यांनी यंत्राकडून करून घेतली. माझ्या हातून ‘अरेरे’ जाणं शक्य नाही."

"तुझं नाही ते मला कळलं," जानकीबाई म्हणाल्या. "तू कधी अरेरे म्हणालास?"

‘तुझं’ आणि ‘तू’ दोन्ही निसटून गेले होते आणि आता ते परत आत घेता येण्यासारखे नव्हते. यशवंतराव खुर्ची ओढून बसले. त्यांना एकदम फार थकल्यासारखं आणि फार बरं वाटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एकेक नोंद घेऊन बरोबर-चूक करू लागले. सव्वीस त्यांना मान्य नव्हती. तिच्यावरून चांगली दहा मिनिटं वाजलं. जानकीबाईंनी जुना शब्दकोश काढला, यशवंतरावांनी तो कालबाह्य ठरवला, दशम्या कुणीच उघडल्या नाहीत.

शेवटची नोंद त्रेचाळिसावी होती. परवाच्या तारखेची. ‘चूक कळवण्याची सोय काढून टाकली आहे. एक कळवायची राहिली होती.’

"कोणती राहिली?" यशवंतरावांनी पेन रोखून विचारलं. त्यांना खरंच वाटलं, एखादा शब्द असेल.

जानकीबाई खिडकीकडे बघत होत्या. "संगणकातली नाही. तेराव्याला चार माणसांत बोलले, ती."

यशवंतरावांनी वही जवळ ओढली. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, मग बोट ठेवून बाजूचा आकडा वाचला. आवाज खात्यातल्यासारखा कोरडा काढायचा त्यांचा प्रयत्न होता, तो जमला नाही.

"क्रम चुकलाय, जिजी," ते म्हणाले. "ही नंतरची आहे. हिच्या आधी माझी येते. चार वर्षांची."

जानकीबाईंनी त्यांच्या हातातून पेन घेतलं. त्रेचाळीसचा आकडा खोडून चव्वेचाळीस केला. वरच्या ओळीत जागा नव्हती, म्हणून वही आडवी फिरवून त्यांनी समासात त्रेचाळीस लिहिलं आणि चष्मा नीट बसवला.

"हं, सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग, बापू. आता मला भरभर लिहिता येत नाही."