तांबड्याचा इशारा

तांबड्या म्हणजे सर्जेरावचा लाल कंधारी बैल. जोडीतला दुसरा म्हातारपणानं गेला, शेतात ट्रॅक्टर फिरायला लागला, पण तांबड्याला सर्जेरावनं बाजार दाखवला नाही. "पोरावानी वाढवलाय, इकतो काय?" म्हणायचा. बैलावर त्याचा जीव होता, त्यात खोट नाही. माणूस बिघडला तो भूकंपानं.

मंठ्याच्या अलीकडं त्याचं गाव. त्या सकाळी लोक नुकते चहाला बसले होते. तांबड्यानं अचानक खुंटा उपटला, गोठ्यातून बाहेर आला आणि लिंबाखाली उभा राहून हंबरडा फोडला. सर्जेराव काठी घेऊन त्याच्यामागं, तोंडात शिव्या. तेवढ्यात जमिनीच्या पोटात गुरगुरलं आणि सगळं गाव हललं. मांडणीवरची भांडी खळाखळा खाली. कावळे एकदम उठले ते दुपारपर्यंत टेकले नाहीत. लिंबावरचं मोहळ उठून गेलं, बांधातली धामण बाहेर येऊन रस्त्यावरच पडून राहिली. विहिरीचं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. देवाची कृपा, माणूस कुणी दगावलं नाही. सर्जेरावच्या गोठ्यावरचा पत्रा तेवढा सरकला.

"बैलाला आधीच कळलं गा!" शेजारचा रामप्रसाद म्हणाला. झालं! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मोबाइलवरून तालुकाभर फिरली. लोक तांबड्याला बघायला यायला लागले. कुणी नारळ आणला, कुणी हळदकुंकू. सर्जेरावच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आधी तो सांगायचा, धक्क्याच्या जरा आधी बैल ओरडला. मग ते 'जरा आधी' वाढत वाढत पहाटेपर्यंत गेलं. पुढं तर म्हणायला लागला, आदल्या दिवसापासून तांबड्या माझ्याकडं टक लावून बघून राह्यल्ता.

सरकलेला पत्रा त्यानं स्वतःच बांधला. पक्कड आणि बांधायची तार घेऊन गव्हाणीवर चढला, खाली पाहुणे उभे. तोंडानं भूकंप सांगायचा, हातानं तारेची टोकं छाटायची. लक्ष सगळं पाहुण्यांकडं.

पुढच्या आठवड्यात तांबड्यानं कडबा सोडला. बसेना. मान लांब करून, पाठ वाकवून उभा राहायचा, दात करकर वाजवायचा आणि कण्हायचा.

"आवं, त्याला बरं न्हाई," सर्जेरावची बायको शिवकन्या म्हणाली. "डॉक्टरला फोन लावा जल्दी."

"येडी का काय तू! इशारा देऊन राह्यला त्यो."

त्यानं रामप्रसादला सांगितलं, रामप्रसादनं देवळाच्या भोंग्यावरून गावाला. मग काय विचारता! बाजा-खाटा बाहेर, गॅसच्या टाक्या बाहेर, म्हाताऱ्या बाहेर. मोकळ्या माळावर तीन दगडांच्या चुली पेटल्या. पोरांना तर जत्राच. बाया भाकरी थापता थापता हसत होत्या, गडी पत्ते कुटत होते, आणि धरणी शांत होती. दुसऱ्या दिवशीही शांतच.

"आज न्हाई तर उद्या," सर्जेराव ठामपणे म्हणायचा. पण गोठ्यात एकटा असला की त्याचा जीव खाली-वर व्हायचा. तांबड्याचे कान तापलेले लागत होते. रोज हात पुढं केला की खरखरीत जिभेनं चाटणारा बैल आता हाताकडं बघतसुद्धा नव्हता. डॉक्टरला बोलवावं असं सर्जेरावला दहादा वाटलं. पण माळावर सगळं गाव त्याच्या शब्दावर बसलेलं! बैल नुसता आजारी निघाला तर? लोक तोंडावर हसतील. या भीतीनं त्यानं फोन खिशातच ठेवला, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

तिसऱ्या सकाळी तांबड्याचा पुढचा पाय लटपटला. पडता पडता तो कसाबसा सावरला आणि डोळ्यातून पाण्याची धार लागली.  शिवकन्या बैलाच्या गळ्याला धरून उभी राहिली, बस्स. सर्जेराव तसाच बाहेर आला आणि माळावरच्या सगळ्या लोकांदेखत त्यानं मंठ्याच्या गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. "संघपाल डॉक्टर, बैल लई आजारी हाये. असाल तसे निघा."

"आजारी?" रामप्रसाद उठून उभा राहिला. "आन इशारा?"

सर्जेराव गोठ्याकडं वळला.

डॉक्टर आले. त्यांनी तांबड्याच्या छातीखाली दांडा घालून जरा वर उचललं, तसा बैल असा कण्हला की बाया हळहळल्या. "चाऱ्यातून तार-खिळा गेलाय का पोटात?" डॉक्टरांनी विचारलं. सर्जेरावची नजर आपोआप गव्हाणीवरच्या पत्र्याकडं गेली. तो मटकन खाली बसला.

"माझ्या हातानं," तो म्हणाला. "डॉक्टर, माझ्याच हातानं झालं हे."

लिंबाखाली, उभ्या बैलाची कूस बधिर करून डॉक्टरांनी पोट उघडलं. सर्जेरावनं वेसण धरली होती. शेवटी डॉक्टरांनी कोपरापर्यंत भरलेला हात बाहेर काढला, त्यात बोटाएवढा तारेचा तुकडा. "ही तार अजून थोडी सरकली असती तर काळजात घुसली असती," ते म्हणाले. "वेळेवर बोलावलं म्हणायचं." हे 'वेळेवर' ऐकून सर्जेरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टाके पडले. हळूहळू तांबड्याची पाठ सरळ झाली. उन्हं कलता कलता त्यानं शिवकन्येच्या हातातल्या हिरव्या चाऱ्याला तोंड लावलं, तेव्हा सर्जेरावला रडू आवरेना. गावादेखत तो लहान पोरासारखा रडला.

गर्दीतून रामप्रसादनं घसा खाकरला. वाईट वाटत होतं त्यालाही, पण माळावरच्या संसाराचं काय करायचं ते तर कळायला हवं. "मंग सर्जेराव," तो हळूच म्हणाला, "भूकंपाचं कसं?"

सर्जेरावनं उपरण्यानं तोंड पुसलं.

"घरला जा रे बाबांनो. त्यो तुमच्याशी बोलतच नव्हता. तीन दिवस मलाच सांगून राह्यल्ता, मालक, दुखतंय म्हणून."