निळ्याची स्प्रिंग

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो: मी स्टेपलर आहे, जुना आहे आणि मत्सरी आहे. पहिल्या दोन गोष्टींत माझा काही दोष नाही.

टेबलावर बसून राहणारे स्टेपलर वेगळे. मी पक्कडीसारखा मुठीत धरून दाबायचा, सगळा लोखंडी. एका कारखान्यात माझे दोन दांडे जोडले गेले, पिना पुढे ढकलणारी स्प्रिंग आत बसली आणि खोक्यात बंद होऊन मी या लाँड्रीत आलो. धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूने नंबराची चिठ्ठी टोचायची, हे माझं काम. चिठ्ठी सुटली की कपडा बेवारस. एकोणीस वर्षांत माझ्यामुळे एकही सदरा चुकीच्या घरी गेला नाही.

लाँड्रीच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा माझ्यावर फार जीव. गिऱ्हाइकासमोर मला उचलून म्हणायचे, "हा आहे म्हणून दुकान चाललंय." दर सोमवारी शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब ते माझ्या तोंडात सोडायचे. असे लाड इस्त्रीचे होत नव्हते, आणि होत नव्हते हेच मला जास्त आवडायचं.

पण लाँड्रीत कपड्यांचे बारीक तंतू सतत उडत असतात. ते तेलाला चिकटले, त्यात कपड्यांची खळ मिसळली आणि माझ्या आत चिकट थर साचत गेला. पिना सरकेनात. तेल कमी पडतंय असं वाटून अण्णा आणखी तेल सोडायचे. शेवटी एका सकाळी मी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर काळा डाग पाडला आणि वाकडी पिन दातात धरून गप्प बसलो. अण्णांनी मला टेबलावर दोनदा आपटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अण्णा, आपटून काय होणार?" त्यांची सून म्हणाली. "मी नवा आणलाय. शनिवारी भंगारवाला येतोय. तोवर हा सुरू झाला तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू."

नवा निळा होता, प्लॅस्टिकच्या दांड्यांचा. मी खणात पडून त्याची टिकटिक ऐकायचो. दुसऱ्याच दिवशी अण्णा एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "काय हलका आहे हो! हात अजिबात दुखत नाही." माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे एकोणीस वर्षं मी त्यांचा हात दुखवत होतो काय? मग तेव्हा बोलले का नाहीत? त्या दिवसापासून मी एकच धावा सुरू केला: मोडू दे याला.

शुक्रवारी जाड कांबळ्यांचा ढीग आला. सुनेने निळ्याला दोन्ही हातांनी दाबलं आणि त्याचा दांडा तडकला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तिने मला खणातून काढलं. सुईने वाकडी पिन उपसली, जुन्या टूथब्रशने आत घासलं आणि काळा गोळा बाहेर ओढला. "बघा अण्णा! तेल पाजून पाजून घसा बंद केलात याचा."

"अगं, मायेनं घालत होतो गं."

"माया एक थेंब पुरे. तोही सांध्यावर, तोंडात नाही."

पण साफ करता करता माझी झिजलेली स्प्रिंग तुटली. तिने निळ्याचं पोट उघडून पाहिलं. "याची ठणठणीत आहे. जरा लांब आहे, पण कापून बसेल."

"त्यापेक्षा याचाच दांडा चिकटवू या की," अण्णा म्हणाले. "बिचारा चार दिवसांचा आहे."

"चिकटवलेला दांडा कांबळ्यावर टिकेल का? दोघांतला एकच राहील, अण्णा. तुम्हीच सांगा."

अण्णा एकदा त्याच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. मित्रांनो, तेव्हा मला दया यायला हवी होती. आली नाही. मी नुसता 'मला घ्या, मला घ्या' करत होतो. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

स्प्रिंग बसली. अण्णांनी चिठ्ठी टोचून पाहिली आणि म्हणाले, "वा! पहिल्यापेक्षाही छान चालतोय."

पहिल्यापेक्षा! म्हणजे वरचढ जे आहे ते त्याचं. पूर्वी ज्याचा हेवा करायचो तो निदान समोर टेबलावर असायचा. आता माझ्या पोटातच आहे, थुंकताही येत नाही.

म्हणून एवढीच विनंती. तुमच्याकडचं काही अडलं तर आपटू नका. उघडून बघा, अडकलेलं काढा, तेल बेताने घाला. आणि नव्याला पहिल्याच आठवड्यात कांबळ्यांना जुंपू नका. निळा तडकला तेव्हा मी हसलो होतो. आता माझी प्रत्येक पिन त्याच्याच जोरावर पुढे येते.