‘कीप’ची सातवी खोली

‘कीप’ या इंग्रजी क्रियापदाची पाचवी खोली सोमवारी सकाळी तयार झाली आणि तिच्यात शालन कवठेकरच्या घरच्या चार कोंबड्या होत्या. शालनने दार उघडलं, कोंबड्या ओळखल्या, कडी लावली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. शनिवारी तिने चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पाळणे, बाळगणे : आमच्या घरी चार कोंबड्या पाळल्या आहेत.’ तेव्हा यात नवल ते काय? अंड्यांचं काय करायचं एवढाच प्रश्न होता.

मिरजेच्या त्या कचेरीत इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम चालायचं आणि तिथला नियम एकच : उदाहरण घरचं हवं. मुख्य संपादक निजसुरे सरांना पुस्तकी उदाहरणांचा भारी राग. ‘राजा वचन पाळतो’ असं कुणी लिहून आणलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, “कोणता राजा? जेवायला येतो का तुमच्याकडे?” तसंही खोट्या किंवा उसन्या उदाहरणाची शाई तिथल्या कागदावर धरायचीच नाही. खऱ्या उदाहरणाची मात्र झटकन धरायची, आणि त्यातली वस्तू कामाच्या पुढच्या दिवशी त्या अर्थाच्या खोलीत येऊन बसायची. घर तेवढं आखूड व्हायचं, कचेरीचा व्हरांडा तेवढा लांबायचा. गवंडी लागायचा नाही की सिमेंट.

शहाणी माणसं यातून वाट काढायची. शेजारच्या टेबलावरच्या पोतनिसांना ते जमलं नव्हतं; त्यांच्याकडे पूर्वी ‘ब्रेक’, म्हणजे मोडणे, होतं. त्यांनी आधी कान तुटलेला कप दिला, तोपर्यंत ठीक होतं. मग ओघात येऊन त्यांनी आपलं मोडलेलं मनगट लिहिलं आणि शेवटी मोडलेलं लग्न. मनगट अजून ‘ब्रेक’च्या दुसऱ्या खोलीत होतं, त्यामुळे ते डाव्या हाताने लिहायचे. लग्नाच्या खोलीत नुसता एक पाट होता आणि त्यावर परत आलेला नारळ. शनिवारी अर्धी सुट्टी झाली की पोतनीस डबा घेऊन त्या पाटासमोर जेवायला बसायचे.

“जीव अडकलाय असं काही देऊ नका,” ते शालनला सांगायचे. “अडगळ द्या. माळ्यावर काही पडलं नाहीये का तुमच्या?”

शालनला ते पटायचं, पण हात ऐकायचा नाही. अर्थाला शोभेल असंच उदाहरण तिला सुचायचं, आणि एकदा सुचल्यावर त्याहून फिकं लिहिणं तिच्या जिवावर यायचं. हा तिचा हट्ट म्हणा, नाहीतर खोड. पहिला अर्थ, घेतलेलं परत न देणे. तिथे तिने जमादारकाकूंची परात लिहिली. ती परात एका बारशाला आणली होती आणि बारशाचं पोर आता पोस्टात नोकरीला होतं. दुसरा अर्थ, जपून ठेवणे. तिथे वडिलांची छत्री गेली. चौथा, न नासता टिकणे. तिथे आईच्या हातचं लिंबाचं लोणचं, बरणीसकट.

तिसऱ्या खोलीचं जरा वेगळं होतं. अर्थ होता, दिलेला शब्द पाळणे. वडील गेले तेव्हा परकरातल्या शालनने आईला सांगितलं होतं, “मी दिवेलागणीच्या आत रोज घरी येईन.” तो शब्द तिने आजवर पाळला होता, म्हणून तोच लिहिला. तिसऱ्या खोलीत दिसायला काहीच नव्हतं, पण आत पाऊल टाकलं की कुणालाही घरी जावंसं वाटायचं. पोतनिसांना वाटलं, निजसुरे सरांना वाटलं, वीजबिल द्यायला आलेला माणूस तर दारातूनच परत फिरला. शालनला मात्र त्या दिवसापासून कचेरीत कितीही वेळ बसलं तरी काही वाटेनासं झालं.

घरात माणसं दोनच, ती आणि आई. आईचे गुडघे गेलेले. उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकून तिला वर्षं लोटली होती. दुपार कलली की ती खिडकीतल्या स्टुलावर बसायची आणि शालन गिरणीच्या वळणावर दिसेपर्यंत तिथून हलायची नाही. काय वाट्टेल ते जाऊ दे, पण आई खोलीत जाता कामा नये, हे शालनने पहिली चिठ्ठी लिहितानाच पक्कं केलं होतं. आई गेली तर आपल्याला कुणी उरणार नाही, हे तिला स्वच्छ माहीत होतं आणि त्याची तिला फार भीती वाटायची.

कोंबड्या गेल्या त्या संध्याकाळी आई म्हणाली, “खुराडं रिकामं कसं गं?”

“कचेरीत गेल्या.”

“आणि परसू?”

“परसूपण गेलं.”

आईने मान वळवून पाहिलं. चुलीपलीकडे, परसदाराच्या जागी, आता सरळ भिंत होती. “तुझ्या त्या पुस्तकाला आमचंच घर गावलं व्हय?” ती म्हणाली. मग स्वतःच, “जाऊ दे. चालायला तेवढंच कमी.”

इकडे व्हरांडा गावातून सरकत होता. दुसऱ्या खोलीखाली पिठाची गिरणी आली, तेव्हापासून छत्रीवर पीठ बसायला लागलं. चौथीच्या खिडकीतून शाळेच्या खिचडीचा वास यायचा. पाचवीशी व्हरांडा वळला आणि कोष्टी गल्लीत शिरला. म्हणजे कवठेकरांच्याच गल्लीत. शालनला उलट बरं वाटलं, रिक्षाचे पैसे वाचतील म्हणून.

सहावा अर्थ होता, एखादी गोष्ट न थांबता चालू राहणे. इथे शालनने डोकं लढवलं. आईचं नाव न घेता, अगदी बेताने तिने लिहिलं, ‘आमच्या घरी दिवसभर बोलणं चालू राहतं.’ शाई झटकन धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज आला नाही. तिने दोनदा करून पाहिलं, मग पातेल्याकडे बोट दाखवलं. दूध उतू जात होतं. शालन धावत कचेरीत गेली. सहाव्या खोलीत खुर्ची नव्हती, कपाट नव्हतं. आईचं बोलणं भिंतीभिंतीतून चालू होतं.

“दूध बघ गं. ती जमादारीण काल हाक मारत होती. तुला ताप होता तवा ह्यांनी रात्रभर काढ्याचं पातेलं धरलंवतं. जेवलीस का? केसाला तेल नाही किती दिवस...”

शालन भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि रडली. नंतर तोंड धुऊन निजसुरे सरांकडे गेली.

“सर, मला ‘कीप’ थांबवायचंय.”

“थांबेल की,” सर म्हणाले. “व्युत्पत्ती लिहा. मूळ अर्थ घरच्या एका उदाहरणासकट लिहून झाला की त्यानंतर नवी खोली होत नाही. नाहीतर या क्रियापदाला अर्थ थोडे आहेत का? राखणे, अडवणे, मागे राहणे, लपवणे. वर्षभर पुरतील.”

“मूळ काय आहे?”

सरांनी जाड पुस्तक उघडलं. आतल्या पानावर बोट फिरवता फिरवता त्यांचा आवाज मऊ झाला. “याला नातेवाईक नाहीत हो. हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजीत दिसायला लागतं. बाकीच्या शब्दांची भावंडं जर्मनमध्ये असतात, डचमध्ये असतात, कुठेतरी चुलत घराणं निघतंच. याचं खात्रीचं कुणी सापडत नाही. अगदी पोरकं आहे बिचारं. जुन्या अर्थांपैकी एक आहे तो असा : नजर लावून बसणे. कुणी येतंय का, इकडे डोळे ठेवणे.” त्यांनी पुस्तक मिटलं. “तुमच्या घरी आहे ना कुणी असं?”

शालनच्या घरी असं कोण होतं हे अख्ख्या कोष्टी गल्लीला ठाऊक होतं.

तिने दुसरं काय काय लिहून पाहिलं. ‘मांजर माशांवर डोळा ठेवतं’ लिहिलं, पण मांजर शेजारचं, शाई पुसली गेली. ‘आम्ही पाहुण्यांची वाट पाहतो’ लिहिलं. पाहुणे येतात म्हटल्यावर त्यांच्याकडे नेहमी कपाळाला आठी पडायची, तेही पुसलं गेलं. नाव न घालता लिहायची तर आता तिला धास्तीच बसली होती. शेवटी तिने लिहिलं, ‘शालन खिडकीत बसून आईची वाट पाहते.’ एकेक अक्षर उमटलं आणि विरलं. ते खरं नव्हतं. जन्मात तिने कधी आईची वाट पाहिली नव्हती, आई कायम घरातच असायची.

पोतनीस डाव्या हाताने चहा पीत सगळं बघत होते. “मग खरं करा,” ते म्हणाले. “आईंना पाठवा कुठेतरी.”

“आई गेली तर मीच जाईन ना खोलीत?”

“तुम्ही कशाला? बोलणं लिहिलंत तर बोलणं गेलं, आई राहिल्या. वाट पाहणं लिहिलंत तर वाट पाहणं जाईल.” त्यांनी बशी खाली ठेवली. “माझं मनगट तेवढं विसरा. ते मी लिहायला नको होतं.”

शालनला तो हिशेब बरोबर वाटला. दुपारीच ती घरी आली. घर आता एका खोलीचं झालं होतं : खाट, चूल, खिडकी, दार. तिने आईला नवं पांढरं लुगडं नेसवलं, हातात काठी दिली.

“आई, जमादारकाकूंकडे जाऊन बस जरा. त्यांच्या परातीचं सांग काहीतरी.”

आईने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

“नुसती बसून ये गं. मी आहे इथे. खिडकीत बसते.”

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हसली. बहुधा तिला गंमत वाटली असावी. काठी टेकत, भिंत धरत ती निघाली. वळणाशी एकदा थांबली, मागे पाहून हात केला आणि दिसेनाशी झाली.

शालन स्टुलावर बसली. आधी तिला नुसतं अवघडल्यासारखं झालं. मग एक टेंपो भरधाव गेला तशी ती गजांशी सरकली. काठी घसरली तर? कुत्रं अंगावर आलं तर? हाकही मारता यायची नाही तिला. गल्लीच्या तोंडाशी पांढरं काही दिसलं की ती अर्धवट उठायची. ते दुसरंच कुणीतरी असायचं. आईने हे रोज केलं होतं, वर्षानुवर्षं, आणि आपण वाटेत भेळ खात उभ्या राहायचो, हे आठवून तिला स्वतःचा राग आला. ये ना गं, ती मोठ्याने म्हणाली. तेव्हाच तिने मांडीवर चिठ्ठी घेतली आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं. शाई धरली. बोट फिरवून पाहिलं तरी हलली नाही.

दिवे लागता लागता आई आली. पदराखाली जमादारकाकूंनी दिलेला शिरखुर्मा होता. दोघींनी एकाच वाटीतून खाल्ला. आई दमली होती, पण चेहरा असा खुलला होता की शालनने तिची दृष्ट काढली.

सकाळी शालन सातव्या खोलीत होती; वाक्यात नाव तिचं होतं.

खोली लहानशी, नवी, चुन्याचा वास येणारी. शालन बसली होती ते घरचंच स्टूल होतं, समोर खिडकी होती. व्हरांडा कोष्टी गल्लीच्या टोकाला येऊन थांबला होता. खिडकीसमोर, लांब हात केला तर पोचेल इतक्या जवळ, कवठेकरांची खिडकी होती. घराची आता ती खिडकी आणि तिच्यामागची चार पावलांची जागा एवढीच उरली होती.

दार किंचित उघडून निजसुरे सरांनी आत पाहिलं. “सुरेख उदाहरण आहे, शालनबाई,” ते म्हणाले. “नोंद पुरी झाली. यापुढे तुमच्या घरचं काही जायचं नाही.” बाहेरून कडी लागली. पोतनिसांची पावलं दारापर्यंत आली, तिथे थोडा वेळ थांबली आणि परत गेली.

दार काही फार मजबूत नव्हतं. खांद्याने ढकललं असतं तर निघालंही असतं. आपल्याला घरी जावंसं वाटायला हवं, असं शालनच्या मनात आलं. पण ते वाटणं तिसऱ्या खोलीत होतं. ती बसून राहिली आणि समोर पाहत राहिली. आई दिसली की तिला भरून येत होतं, उठावंसं मात्र वाटत नव्हतं.

दुपार कलली तशी आई काठी टेकत खिडकीशी आली. बसायला स्टूल नव्हतं, म्हणून गज धरून उभी राहिली. शालनने हात हलवला. “आई,” ती म्हणाली, “इकडे. समोर बघ, समोर.”

आईने पाहिलं नाही. तिची नजर रोजच्यासारखी गिरणीच्या वळणावर होती, शालन नेहमी यायची तिथे. वळणावरून माणसं येत होती, सायकली येत होत्या. हळूहळू गल्लीत दिवे लागले.

आईचे ओठ हलले. शालनच्या पाठीमागच्या भिंतीतून, सहाव्या खोलीतून आवाज आला, “आज अजून कशी आली नाही गं ही?”