अंगठ्याची खूण

मुलीने फोनवर एकच गोष्ट मागितली होती. "आई, बाबांची ती शेवटची सुरई आहे ना, तिच्या कानाखालचा अंगठा तेवढा पुसू नकोस. शनिवारी येते मी. मला दुसरं काही नको."

"पुसेन कशाला? वेड लागलंय का मला?" म्हातारी म्हणाली खरी.

जुन्या काळची भांडी घडवायची, हेच त्या घरातलं काम. संग्रहालयातल्या काचेमागची सुरई बघून यायची आणि तिची जुळी बहीण चाकावर उभी करायची. घडवायचा नवरा, घोटायची बायको. कान चिकटवला की तो खाली अंगठा दाबायचा. खोल, तारेने कापल्याच्या आडव्या वणासकट. मग ओली माती जरा सुकली की ती गुळगुळीत गारगोटी घेऊन बसायची आणि त्याचं बोट न् बोट पुसून भांड्याला आरसा करायची.

"अगं, एक तरी राहू दे," तो म्हणायचा. "हजार वर्षांनी कुणी उकरून काढील, विचारील, कोण होता हा?"

"विचारील, याच्या घरी पुसायला बायको नव्हती का?"

यावर तो इतका हसायचा की चाक डुगडुगायचं.

तो गेला त्याला नऊ दिवस झाले होते. सुरई ओल्या फडक्यात गुंडाळलेली, फळीवर तशीच. फडकं सोडलं तेव्हा मातीला त्याच्या हातांचा ओलावा अजून होता. म्हातारीने तिला मांडीत घेतलं, लेकराला घ्यावं तसं. गारगोटी हातात आली आणि चाळीस वर्षांचं गाणं आपसूक ओठावर आलं:

घोट गं बाई घोट, मातीचं मन मोठं
दिसू दे तुझं रूप, लपू दे माझं बोट

पोट घोटलं, गळा घोटला. सुरई लखलखली. गाणं संपलं तेव्हा तिने कानाखाली पाहिलं. तिथेही आरसाच होता.

हात कसा गेला, कधी गेला, कळलंच नाही. तिने फडकं चाचपलं, मांडी चाचपली, जणू अंगठा तिथे कुठे पडला असेल. मग गारगोटी भिंतीवर भिरकावली. गारगोटीला काय होतंय?

आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांड्यांची नक्कल केली. आता आणखी एक. तिने कानाखाली ओला बोळा ठेवला, माती मऊ होऊ दिली आणि आपला अंगठा दाबला. जीव खाऊन दाबला. सुईने आडवा वण ओढला. चष्मा लावून पाहिलं. हुबेहूब. माती पुरती वाळल्यावर तिने सुरई भट्टीत ठेवली.

शनिवारी मुलगी आली. पिशवी दारातच टाकून फळीकडे गेली. सुरईच्या कानाखाली तिने हळूच आपला अंगठा ठेवला. लहानपणी ती बापाच्या प्रत्येक ओल्या भांड्यावर हेच करायची, आणि त्या एवढ्या मोठ्या खळग्यात तिचा अंगठा पोहत राहायचा. मोठी झाल्यावरही कधी कडेला टेकला नव्हता. हात आईवर गेला होता तिचा.

आज तो अंगठा खळग्यात चपखल बसला. मापाने शिवलेल्या चोळीसारखा.

"लहान वाटतो गं," ती म्हणाली.

म्हातारी पदराने फळी पुसत होती. तीच जागा, पुन्हा पुन्हा. "माती आहे बाई. वाळताना आक्रसते. भट्टीत आणखी आक्रसते."

माती किती आक्रसते हे त्या पोरीला बापाने शिकवलं होतं. दहा बोटांची नऊ होतात, बस. त्याहून जास्त नाही. तिने आईच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखात अजून माती होती.

"हो गं आई," ती म्हणाली, "फार आक्रसते."

आणि अंगठा तिने तिथून काढला नाही.